तिसऱ्या गड्ड्याचा शेरा

आक्का,

परवा सकाळी ब्रोकोली कापली. चौदा झाडांपैकी नऊ. चार झाडं फुलून गेली होती, ती तशीच उभी ठेवली आहेत. राहिलं एक, पहिल्या ओळीतलं तिसरं. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय. शैला म्हणाली, आक्कांना वाचता कुठं येत होतं, कागदावर लिहून काय उपयोग? मी म्हणालो, माझी वहीही त्यांना वाचता येत नव्हती. तरी रोज विचारायच्या, "आज काय लिवलं?"

तर आज काय लिहिलं, ते सांगतो.

आधी बुधवारचं. लागवडीपासूनचा अडुसष्टावा दिवस. सकाळी सात चाळीसला मी गाडी काढत होतो. हिंजवडीला पोचायला मला एक तास दहा मिनिटं लागतात आणि पंचेचाळीसच्या पुढं निघालो की दीड तास, हे तुम्हालाही पाठ झालं होतं. तुम्ही वाफ्यात उभ्या होतात. लुगड्याचा काचा वर खोचलेला, पाय दवानं भिजलेले. तिथूनच हाक मारलीत, "पाव्हणं, जरा हितं या. ह्यो तिसरा गड्डा बघून जा."

मी काच खाली करून म्हणालो, "आक्का, रविवारी बघतो."

"रविवार लई लांब हाय."

"चारच दिवस आहेत," मी म्हणालो आणि निघालो.

हिशोब बरोबर होता. बुधवारपासून रविवार चार दिवसच. शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात. रविवारी मी तुमच्या मुलासोबत, दत्तासोबत, तुमच्या अस्थी सावडायला घाटावर गेलो होतो. वाफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या तिसऱ्या गड्ड्यात तुम्हाला मला काय दाखवायचं होतं, या एका प्रश्नानं आठ दिवस माझी पाठ सोडली नाही. लोकांना शेवटचं बोलणं चुकलं म्हणून हळहळ वाटते. माझं बोलणं झालं, बघायचं राहिलं.

तुमच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा वर्षं राहतोय. लातूरकडून आलेला माणूस मुळशीच्या पाण्याकाठी कशाला राहतो, असं ऑफिसात विचारतात. मोजायची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, हे तपासायचं माझं काम. दिवसभर मायक्रोमीटर आणि व्हर्नियर. म्हणून घरी आल्यावर मातीत हात घालावासा वाटायचा. तुम्ही मागच्या भाताच्या खाचराशेजारची दीड गुंठा जागा दिलीत आणि वर म्हणालात, "मातीत तरी पट्टी घिऊन उतरू नका."

मी उतरलो.

पहिली चूक मात्र पट्टीची नव्हती. पहिल्याच श्रावणात कुंपणावरच्या वेलाला एक मोठी काकडी लटकलेली दिसली. बाकीच्या तोडलेल्या आणि ही एकच राहिलेली. देठाजवळ निळी चिंधी बांधलेली होती. कुणाच्या नजरेतून सुटली असेल म्हणून मी ती तोडून आणली. शैलानं विळीवर धरायच्या आत तुम्ही जिना चढून दारात.

"पाव्हणं, चिंधी दिसली न्हाई व्हय?"

"दिसली. मला वाटलं आधाराला बांधलीय."

"आधार कुनाचा कुनाला? काकडीचा चिंधीला?"

मग मला समोर बसवून सांगितलंत. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ बियाला राखायचं. त्याला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरच्यांनीबी हात लावायचा न्हाई, मग लेकरू रडू दे का पाव्हणा उपाशी राहू दे. तुम्ही ती काकडी घेऊन गेलात, तिचं बी काढलंत, राखेत घोळून वाळवलंत. पुढच्या वर्षी त्यातलं निम्मंच उगवलं. "तुमच्या घाईचं निम्मं," असं तुम्ही वर्षभर सांगत होतात. लातूरहून माझे सासरे आले, त्यांनाही सांगितलंत.

ब्रोकोली आली चार वर्षांपूर्वी. रोपवाटिकेतून मी बारा रोपं आणली. तुम्ही एक उचलून उलटंसुलटं पाहिलंत. "ह्यो फ्लावरच हाय की. नुसता हिरवा." त्या दिवसापासून तो आपल्या घरात हिरवा फ्लावर. शैलाही भाजीवाल्याकडं हिरवा फ्लावर मागायला लागली आणि भाजीवाला तिच्याकडं बघत राहायचा.

रोपवाटिकेवाल्यानं बियाचं रिकामं पाकीट दिलं होतं, त्यावर छापलं होतं: गड्डा पंधरा सेंटीमीटरचा झाल्यावर काढणी करावी. मी वही घातली. झाडाचा क्रमांक, दिवस, व्यास, शेरा असे चार रकाने. पहिला गड्डा बुधवारी साडेतेरा भरला. तुम्ही अंगठ्यानं दाबून पाहिलात आणि म्हणालात, "आज काप." मी म्हणालो, अजून दीड सेंटीमीटर आहे. रोज पाच-सहा मिलिमीटर वाढतोय, शनिवारी बरोबर पंधरा होईल. मग दोन दिवस आभाळ आलं, उकडायला लागलं. शनिवारी मी पट्टी घेऊन गेलो तर गड्डा विस्कटलेला. बारीक पिवळी फुलं, वर दोन मधमाश्या. व्यास सोळा होता.

तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत होतात. "झाला न्हवं पंधरा? आता देवाला व्हावा. फुलं आलीत."

आणि खरंच ती फुलं खुडून तुळशीपुढं ठेवलीत. दत्ता भाड्यानं देतो त्या मोठ्या खोल्यांत शनिवार-रविवारचे पुण्याचे पाहुणे उतरले होते. त्यातल्या बाईंनी फोटो काढला आणि विचारलं, ही कसली पूजा? तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. "त्यास्नी इचारा. त्यांचा नवस हाय."

त्यानंतर शेऱ्याच्या रकान्यात मी तुमचा शब्द लिहायला लागलो. मी मोजायचं, तुम्ही बघायचं. थांब, थांब, थांब, काप. दोन हंगाम झाल्यावर एका रविवारी मी सगळे आकडे मांडले. तुम्ही 'काप' म्हटलेला सगळ्यात लहान गड्डा साडेदहाचा होता आणि 'थांब' म्हटलेला सगळ्यात मोठा साडेसोळाचा. मी वही घेऊन खाली आलो. तुम्ही ओट्यावर लसूण सोलत होतात.

"आक्का, तुमच्या म्हणण्यात नियम सापडत नाही."

"बरं."

"पण चूक एकदाही झालेली नाही. म्हणजे नियम आहे. तुम्ही सांगत नाही."

"पाव्हणं, शैला भाकर कवा उलथती? इचारा तिला. तवा पट्टी लावती का ती?"

वरून शैलाच्या हसण्याचा आवाज आला. माझ्या घरात माझ्या बाजूनं कुणी नव्हतं.

पण पुढच्या हंगामात तुम्ही दिलातच नियम, सहज, पाणी धरता धरता. मणी बघायचा. गड्ड्यावरचा एकेक मणी मोहरीसारखा घट्ट हाय तवर थांबायचं. कडंचा मणी बाजरीएवढा फुगला की कापायचा, मग गड्डा वाटीएवढा असू दे का ताटाएवढा. आणि कापायचा दव हाय तवर, ऊन चढल्यावर न्हाई. देठ वीतभर ठेवायचा, तिरका कापायचा, पाणी साचलं न्हाई पायजे. मग बगलेतनं बारके फुटवे येतात, ते महिनाभर पुरतात.

मी तुमच्या डब्यातून मोहरीचे दहा आणि बाजरीचे दहा दाणे मागून घेतले आणि व्हर्नियरनं मोजले. तुम्ही रेखाला हाक मारून दाखवलंत, "सूनबाई, बघ, मानूस मोहरी मोजतुया." तुम्हाला हसू आवरेना. मला राग आला नाही. मोहरी आणि बाजरीत साधारण पाऊण मिलिमीटरचा फरक निघाला. तुमच्या डोळ्यांना तो चालता चालता दिसायचा. हे मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही हसत होतात. माझ्या हाताखालच्या मुलांना एवढा फरक मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू होता.

तुम्हाला तो हिरवा फ्लावर आवडायचा नाही, हेही नोंदवून ठेवतो. "चवीला काय न्हाई त्यात. लसूण-मिरची घातली म्हंजी लसूण-मिरची लागती." एकदा रेखानं तो सुक्या बोंबलात घातला, तेव्हा तुम्ही बोंबील वेचून खाल्लेत आणि गड्डे कोंबड्यांना टाकलेत. तरी रोज सकाळी वाफ्यात पहिला फेरा तुमचाच.

मागच्या हंगामात माझी आई गेली. निरोप आला आणि आम्ही तासाभरात लातूरला निघालो. चौदा दिवसांनी परत आलो. मनात कुठंतरी वाफ्याचा हिशोब चालू होताच, लाज वाटते पण होता. आठ झाडं ऐन काढणीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर आठही गड्डे कापलेले. देठ वीतभर, काप तिरके, बगलेत फुटवे. प्रत्येक झाडाच्या बुडाशी खडे मांडलेले होते. कुठं तीन, कुठं पाच, कुठं एकच. मी बघतच राहिलो. तुम्ही मागून आलात. "तुमची वही न्हवती. मग खडं ठिवलं. जितकं दिस थांबले, तितकं खडं."

गड्डे तुम्ही आळीत वाटले होते. दोन आमच्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते.

आणि मी काय म्हणालो? मी विचारलं, "व्यास किती होता?"

आईचे दिवस करून आलेला माणूस. समोर बाई उभी, जिनं चौदा दिवस माझी वही खड्यांनी चालवली. आणि मी व्यास विचारला. दुसरं काही बोलायला गेलो असतो तर बोलता आलं नसतं, हे खरं. पण तुम्हाला ते कळलं का, हे मला माहीत नाही. तुम्ही हात पुढं केलात, अंगठा आणि करंगळी ताणून. "एवढा. एक वीत."

मी खिशातली पट्टी काढून तुमची वीत मोजली. साडेसतरा सेंटीमीटर. तुम्ही हात तसाच धरून ठेवलात, मी लिहून होईपर्यंत. वहीत आठही गड्ड्यांपुढं 'एक वीत' लिहिलेलं आहे आणि पानाच्या तळाशी 'आक्कांची वीत: १७.५'. काल ते पान उघडलं. तुमचा आम्ही काढलेला फोटो एकच, तोही रेखाच्या लग्नातला, त्यात तुम्ही डोळे मिटलेत. पण वीत बरोबर आहे. मी दोनदा मोजली होती.

एक भांडण आपलं अर्धंच राहिलं. बियाचं. दर हंगामाच्या शेवटी तुम्ही विचारायचात, एक झाड बियाला का राखायचं न्हाई? दर वेळी मी सांगायचो, आक्का, हे हायब्रीड आहे. याचं बी धरलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. पाकिटावर लिहिलंय.

"माझी दोन पोरं तरी कुटं एकसारखी आलीत? म्हनून काय धरायचीच न्हाईत?"

मी म्हणायचो, उन्हाळ्यापर्यंत वाफा अडकून पडेल. शिवाय एकट्या झाडाला बी धरत नाही, जवळ फुललेली आणखी झाडं लागतात, म्हणजे चांगले गड्डे कापायचे सोडून फुलवायचे. "मग फुलवू की," तुम्ही म्हणायचात. "तुमाला फुलवायचा सराव हाय." आणि मी वही मिटून वर जायचो.

आता या दहा दिवसांचं.

पहिले तीन दिवस मी वाफ्याकडं फिरकलो नाही. चौथ्या दिवशी माडीवरून पाहिलं. गड्डे दिसत होते, गडद, ताटलेले. कापायला हवे होते. पण खाली सुतक. ओट्यावर माणसं बसलेली, भावकीतले लोक येत-जात होते, कुणी शेताला हात लावत नव्हतं. अशा वेळी मी सुरी घेऊन भाजी कापायला उतरायचं? बरं दिसत नाही, म्हणून थांबलो. पाचवा, सहावा, सातवा दिवस गेला. दुपारी ऊन तापायला लागलं होतं. प्रत्येक दिवशी काय होतंय ते मला मिलिमीटरमध्ये माहीत होतं.

आठव्या दिवशी सकाळी रेखा जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. "भाऊजी, गड्डं फुलाया लागलेत. दिसत न्हाई का तुमाला वरनं?"

"दिसतंय."

"मग?"

"सुतक आहे ना, वहिनी."

"आमाला हाय. आमचा हात दहा दिस लागायचा न्हाई. तुमाला कुटलं सुतक? तुमी काय आमच्या भावकीतलं हाय का?"

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ती खरं तेच बोलली. तरी मला ते लागलं. मी म्हणालो, "मलाही आहे असं वाटत होतं."

रेखानं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "आसंल. तर मग रडून घ्या अन् कापा. आत्याबाई असत्या तर आतापतुर चार शिव्या घातल्या असत्या तुमाला."

तुम्ही अकरा वर्षं मला पाव्हणं म्हणालात. मला वाटायचं, कधीतरी नावानं हाक माराल. परवा मात्र बरं वाटलं की मी पाव्हणाच आहे. घरातल्या कुणाचा हात चालत नव्हता, तेव्हा तुमच्या वाफ्यात चालेल असा एक हात माझाच होता. आणि तो मी चार दिवस खिशात घालून बसलो होतो.

दव होतं. मी शेवटच्या झाडाकडून सुरुवात केली. मणी बघितला, अंगठ्यानं दाबलं, कापलं. नऊ गड्डे चांगले निघाले. चार पिवळे पडले होते. तिसरं झाड मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तेही फुललं होतं, कडेनं. बुधवारीच कापायला सांगत होतात, आणि मी रविवार दिला, असं मनाशी म्हणून देठ धरायला पानांत हात घातला.

बोटांना कापड लागलं.

पानं बाजूला केली. देठाला निळी चिंधी, तुमच्या लुगड्याच्या काठाची. दोन गाठी मारलेल्या.

किती वेळ तिथं बसलो, ते मोजलं नाही. मला काप म्हणायला तुम्ही बोलावलंच नव्हतं. हा कापू नको, एवढंच सांगायचं होतं. वाफा माझ्या नावावर सोडलेला, म्हणून चिंधी बांधूनसुद्धा मला विचारायचं होतं. रविवार लई लांब हाय, हे तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं. पण ज्या गोष्टीसाठी मी आठ दिवस स्वतःला बोल लावत होतो, ती गोष्ट निराळीच निघाली. त्या बुधवारी तुमच्या मनात काय होतं, ते आता मला कळलंय. मी गाडीतून उतरायला हवं होतं, हे मात्र त्यानं बदलत नाही.

सुरी बाजूला ठेवली. मग त्या चार पिवळ्या झाडांकडं पाहिलं. ती उपटून कोंबड्यांना टाकायची होती. एकट्या झाडाला बी धरत नाही, जवळ फुललेली झाडं लागतात, हे तुम्हाला दर वर्षी मीच सांगत होतो. ती चार झाडं आता तुमच्या तिसऱ्याशेजारी फुललेली उभी आहेत. तुमच्या भाषेत, माझ्या सरावाची.

परवा दुपारी शैलानं त्या गड्ड्यांची भाजी करून खाली नेली. तुमच्या जाऊबाईंनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "ह्योच का त्यो हिरवा फ्लावर?" रेखा म्हणाली व्हय. त्या म्हणाल्या, "लसूण चांगला लागतुया." आठ दिवसांनी ओट्यावर पहिल्यांदा सगळे हसले. दत्ताही. ते वाक्य मूळ कुणाचं, ते सगळ्यांना माहीत होतं.

आज दहावा झाला. घाटावरून येऊन आंघोळ केली आणि वही घेऊन वाफ्यात गेलो. कापलेल्या झाडांच्या बगलेत फुटव्यांचे ठिपके दिसायला लागले आहेत, मोहरीहून बारीक. तिसऱ्यावर मधमाश्या होत्या, त्या चार झाडांवरही. त्या इकडून तिकडं जात होत्या. मी अकरा मोजल्या, मग सोडून दिलं, कारण त्या एका जागी बसत नाहीत.

शेंगा धरतील की नाही, ते सांगता येत नाही. ऊन लवकर तापलं तर फुलं गळतील. धरल्या तरी पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येणार नाहीत, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. आली नाहीत तर नाहीत.

वहीत तिसऱ्या झाडासमोर दिवस लिहिला, एकोणऐंशी. व्यासाचा रकाना रिकामा ठेवला. शेऱ्यात तुमचा शब्द लिहिला: थांब.

झाडाच्या बुडाशी पहिला खडा ठेवलाय. वाफ्याला पाणी चालू आहे.